पडदा चोकला का

हर्षाने ब्लेड टेकवून गुंडाळी उभी चिरली, आणि आतले थर उलगडून टेबलावर पसरले. पडदा पांढराशुभ्र होता. अख्खा उन्हाळा आणि वरून पावसाळा खारपाणपट्ट्यातलं पाणी गाळून आलेला पडदा असा दिसत नसतो. तो पिवळा पडतो, बुळबुळीत होतो, त्याच्यावर क्षारांची पुटं चढतात आणि नख लावलं तर खरखरतात. हा मात्र कालच खोक्यातून काढल्यासारखा दिसत होता. प्रयोगशाळेत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती खुर्चीत बसून एकटीच मनसोक्त हसली.

अमरावतीच्या एका कॉलेजात हर्षा या पडद्यांवर पीएचडी करत होती. लोक ज्याला आरोचं मशीन म्हणतात, त्याच्या पोटात प्लास्टिकसारख्या पॉलिमरचा एक पातळ पडदा गुंडाळलेला असतो. पंपाने दाब दिला की पाणी त्यातून पलीकडे जातं आणि मीठ अलीकडे अडतं. सगळं छान असतं, फक्त पडदा चोकतो. पाण्यातली घाण, शेवाळ, क्षार त्याच्या अंगावर बसत जातात आणि एक दिवस थेंबही पार होत नाही. खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट असलेल्या भागात, तेल्हारा तालुक्यातल्या गावागावांत अशी मशीनं गाजावाजा करून बसली आणि पडदे चोकल्यावर तशीच धूळ खात पडली. हर्षाचं स्वतःचं गाव त्यातलंच होतं, त्यामुळे हा विषय तिने निवडला म्हणण्यापेक्षा तो तिच्या घरच्या माठातूनच आला होता.

तिचं म्हणणं असं की पडद्याच्या पोटात काय आहे त्याला फारसं महत्त्व नाही, सगळा खेळ त्याच्या अंगाचा, म्हणजे पृष्ठभागाचा आहे. अंग खडबडीत असलं की घाणीला बसायला खोबणी मिळते. अंगाला पाण्याचं वावडं असलं की पाणी दूर सरतं आणि तेलकट, चिकट घाण तिथे ठाण मांडते. पण अंग गुळगुळीत असलं आणि त्याला पाण्याची ओढ असली, तर पाण्याचाच एक पातळ थर त्याला बिलगून राहतो आणि घाणीला जागा सापडत नाही. हे तिने एकदा वडिलांना, उत्तमरावांना, समजावून सांगितलं होतं. उत्तमराव माळी माणूस. वावर कालव्याखाली, त्यात झेंडू आणि शेवंती, आणि फुलांची पोती भरून अकोटच्या बाजारात न्यायचं हा जन्मभराचा धंदा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे एसटीच्या सीटवर पाण्यानं अगोदरच रुमाल टाकून ठेवायचा. हर्षा थक्क झाली. तिच्या मार्गदर्शक माया मॅडमनाही हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं.

पण रुमाल टाकणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. हर्षाने पडद्याला दिलेला पहिला लेप पाण्याला बिलगायचा खरा, पण त्याच्या अंगावर ऋण विद्युतभार होता. प्रयोगशाळेत ढवळून तयार केलेल्या पाण्यात तो पडदा झकास चालला. मग तिने मोठ्या हौसेने तो घरच्या बोअरला लावला, आणि बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियमने त्या भाराला असं काही धरलं की त्याचा हात धरून बाकीची सगळी घाण आत शिरली. काही आठवड्यांतच मशीनची धार करंगळीसारखी झाली आणि मग बंद पडली. त्या दिवशी हर्षाने अंगणात बसून पडदा उघडला, त्यावरची पिवळी साय पाहिली आणि तिथेच ढसाढसा रडली. पंचविशी ओलांडलेली, लोकांच्या पोरांना क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवणारी मुलगी, पण रडली अगदी शाळेतल्या पोरीसारखी. उत्तमराव बाजारातून नुकतेच आले होते. रिकामी पोती खांद्यावर तशीच ठेवून ते दारात उभे राहिले.

दुसरा लेप तिने नेटाने बनवला. हा आणखी गुळगुळीत होता आणि त्याच्या अंगावर ऋण आणि धन असे दोन्ही भार बरोबरीने होते, म्हणजे कॅल्शियमला धरायला एकही दोरी मोकळी नाही. एकाच खेपेत तिने दोन पडदे काढले. एक ताडून पाहायला म्हणून कोराच, ओला ठेवून प्रयोगशाळेतल्या फ्रिजमध्ये, आणि दुसरा गावच्या घरी. तो मशीनमध्ये बसवताना तिने आईवडिलांना समोर बसवून बजावलं होतं की मशीनचं पाणी कधी आटू द्यायचं नाही, कारण पडदा एकदा कोरडा पडला की मेला. आणि जेवताना, घास हातात धरून, ती म्हणाली होती की हा पण चोकला तर आपलं सगळं संपलं.

इथे त्या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्या घरात चांगली वस्तू वापरत नसत, जपत असत. टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत होता आणि बटणं पिशवीवरूनच दाबायची. आहेरात आलेला काचेच्या पेल्यांचा संच पाहुण्यांच्या वाटेकडे डोळे लावून कपाटात म्हातारा होत होता. हर्षाची आई तानुबाई हिने मशीन बसलं त्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि दुसऱ्याच दिवशी जुन्या लुगड्याची खोळ शिवून त्यावर चढवली. उत्तमराव मशीनभोवती एक फेरी मारून म्हणाले, की याले जपून वापरा लागन. हर्षा तेव्हा हसली होती. आपल्या घरची माणसं आपल्याला पाठ आहेत असंच सगळ्यांना वाटत असतं.

नंतर ती गावी फारशी गेलीच नाही. प्रबंधाचं लिखाण, संध्याकाळचे क्लास, दुचाकीवरची धावपळ, यात दिवस कसे गेले कळलं नाही. फोन मात्र ती नेमाने करायची, आणि उचलल्या उचलल्या पहिला प्रश्न ठरलेला असायचा, पडदा कसा आहे. आई कशी आहे, बाबांचे गुडघे कसे आहेत, हे त्याच्या मागून यायचं, आणि कधी यायचंही नाही. उत्तमराव सांगायचे, मस्त चालू आहे, पाण्याचं मीटर फिरून राहिलं. बोअरच्या पाण्याची आणि मशीनच्या पाण्याची अशा दोन बाटल्या भरून ते ओळखीच्या कंडक्टरबरोबर अमरावतीला धाडायचे. एकीत खारट पाणी, दुसरीत जवळजवळ पावसासारखं. मध्ये शेजारच्या लग्नाला म्हणून ती एक दिवस घरी गेली, तेव्हा मशीन बंद होतं. तू आली तं आज त्याले बी सुट्टी, असं बाबा म्हणाले आणि तिला ते गोडच वाटलं. लग्नाच्या गडबडीत तिने खोळ उचलूनही पाहिली नाही. तांब्याभर पाणी प्यायली, पाणी गोड होतं, आणि संध्याकाळच्या गाडीने परतली.

पावसाळा सरल्यावर उत्तमरावांनीच पडदा काढून, ओल्या फडक्यात गुंडाळून, त्याच कंडक्टरबरोबर धाडला होता, आणि आता तो तिच्यासमोर पसरलेला होता. तिने त्याचे तुकडे कापले. एका तुकड्यावर पाण्याचा थेंब सोडला आणि तो किती पसरतो ते पाहिलं. थेंब अगदी पहिल्या दिवसासारखा पसरला. मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर कॅल्शियमचा कण नाही, शेवाळाचा ठिपका नाही. फ्रिजमध्ये कोऱ्या जोडीदाराबरोबर ठेवलेला त्याच लेपाचा तुकडा काढून शेजारी ठेवला, तर कोणता कोरा आणि कोणता वापरलेला हे चिठ्ठी वाचल्याशिवाय सांगता येईना. हर्षाला आभाळ ठेंगणं झालं. ती सगळं घेऊन माया मॅडमकडे धावली.

माया मॅडमनी चष्मा वर सरकवून सगळे आलेख शांतपणे पाहिले. हर्षा त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक कधी उमटतं याची वाट पाहत राहिली, आणि उमटलं ते भलतंच. मॅडम म्हणाल्या की हा निकाल चांगला नाही, अशक्य आहे. जगातला उत्तमातला उत्तम पडदा घाण कमी धरतो, हळू धरतो, धुतली तर लगेच सोडतो. पण अजिबात धरत नाही असा पडदा अजून कोणी बनवलेला नाही.

"हर्षा, या पडद्याने खारं पाणी पाहिलेलंच नाही," त्या म्हणाल्या.

हर्षा चिडली. इतकी वर्षं मान मोडून काम केल्यावर आपल्याच बाई आपल्याला खोटं पाडतात म्हणजे काय. तिने मीटरचा आकडा पुढे केला. मॅडम म्हणाल्या की मीटर पाणी मोजतं, मीठ मोजत नाही. मग त्यांनी मशीनच्या पाण्याच्या बाटल्यांचे आकडे काढले आणि विचारलं की इतक्या खाऱ्या पाण्यातून इतकं निर्मळ पाणी निघालं कसं, हा प्रश्न तुला एकदाही पडला नाही का. तो पडला नव्हता. आपल्या मनासारखं उत्तर आलं की प्रश्न कोणाला पडतात.

ती तणतणत बाहेर आली आणि तिथेच पायऱ्यांवर उभी राहून तिने घरी फोन लावला. बाबांना सरळ विचारायचं असं तिने ठरवलं होतं. फोन तानुबाईने उचलला. मागे गलका ऐकू येत होता, कोणीतरी कोणाला तरी नंबर पुकारत होतं.

"अकोल्याले आलो आमी," तानुबाई म्हणाली. "दवाखान्यात. तुले सांगू नोको मने थे. पाय लय सुजले त्यायचे, अन् सकाळपासून दम लागून राहिला."

पडदा, थेंब, आलेख, सगळं एका क्षणात कुठल्या कुठे गेलं. अंगावरचा प्रयोगशाळेचा पांढरा कोटही न काढता तिने रिक्षा पकडली आणि अकोल्याची एसटी गाठली. मूर्तिजापूर मागे पडल्यावर कुठे तिच्या लक्षात आलं की कोट अजून अंगातच आहे, आणि शेजारची बाई तिला डॉक्टर समजून आपल्या कंबरदुखीचं सांगते आहे.

दवाखान्यात उत्तमराव पलंगावर बसलेले होते. चेहरा सुजून असा काही बदलला होता की ती आधी दुसऱ्याच पलंगाकडे गेली आणि मग थबकली. आपल्या बापाला आपण ओळखलं नाही, या गोष्टीचा तिला इतका धक्का बसला की ती जवळ जाऊन नुसती त्यांच्या सुजलेल्या पायावर हात ठेवून उभी राहिली. बोट ठेवलं तिथे खड्डा पडला आणि तो भरून यायला वेळ लागला.

डॉक्टर तरुण होता, बोलायला मऊ होता. त्याने बाजूला घेऊन सांगितलं की दोन्ही किडन्यांचं काम फार कमी झालं आहे. रक्तदाब जुना असणार, गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळ्यांनीही घात केला असणार, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. पण तुमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, म्हणून विचारतो, असं म्हणून तो पलंगापाशी आला.

"बाबा, पाणी कोणतं पिता?"

हर्षाने बाबांना बोलूही दिलं नाही. निदान या एका प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे होतं, आणि ते देताना तिची मान थोडी ताठ झाली. ती म्हणाली की आमच्या घरी फिल्टरचं पाणी आहे, मी स्वतः बसवलंय, मार्चपासून हे तेच पितात. डॉक्टरने मान डोलावून लिहायला घेतलं. उत्तमराव खिडकीबाहेर पाहू लागले. तानुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"थे लिहू नोका, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "बोअरचं पेतात हे. आमी दोघंई."

हर्षाला वाटलं आईचा काहीतरी गोंधळ होतो आहे. तिने विचारलं की म्हणजे मशीन लावायच्या आधी ना. तानुबाई नाही म्हणाली. हा दुसरा पडदा लावल्यापासूनच. आधी तर नळाचं गोड पाणी प्यायचो.

आणि मग ते सगळं बाहेर आलं, तुटक तुटक, मध्ये नर्स येऊन रक्तदाब मोजून गेली तेवढं थांबून. पाणीपुरवठा योजनेच्या नळाला गेली काही वर्षं त्यांच्या गावात गोड पाणी यायचं, पण आठ-दहा दिवसांतून एकदा, आणि उन्हाळ्यात त्याहून उशिरा. ते निळ्या ड्रममध्ये भरून ठेवायचं आणि पिण्यापुरतं काढायचं, अशी सगळ्या गावाची पद्धत होती. हर्षाने दुसरा पडदा बसवला, पोरगी अमरावतीला गेली, आणि उत्तमरावांनी रात्रभर विचार करून सकाळी बोअरचा पाइप मशीनपासून सोडवला. मशीन नळाच्या पाण्याच्या ड्रमला जोडलं. मशीनमधून निघणारं गाळलेलं पाणी आणि उरलेलं पाणी, दोन्ही नळ्या ठिबकचे जोड लावून परत त्याच ड्रममध्ये सोडल्या. तेच गोड पाणी मशीनमधून फिरत राहिलं, मीटर फिरत राहिलं, आणि पडदा चोकायचं काही कारणच उरलं नाही. नळ आला की ड्रम विसळून नवं पाणी भरायचं. बाटल्या मात्र त्यांनी इमानाने भरल्या, खारं पाणी बोअरचंच आणि गोड पाणी मशीनचंच. त्यात काही खोटं नव्हतं.

हर्षाच्या तोंडून एवढंच निघालं की मग ड्रममधलंच का नाही प्यायलात.

"प्यालं तं ड्रम कमी होते नं," तानुबाई म्हणाली. "नळाचा भरोसा नाई. ड्रम आटला का पडदा कोरडा पडते अन् मरते, तूच सांगतलं होतं."

होतं सांगितलं. तिने जे जे सांगितलं होतं ते ते त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. पडदा चोकू दिला नव्हता, कोरडा पडू दिला नव्हता. माणसांनी काय प्यायचं हे तिने कधी सांगितलंच नव्हतं, कारण ते सांगावं लागेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. एवढी शिकलेली मुलगी. पाण्याच्या थेंबाचा कोन मोजणारी, आणि बापाच्या पेल्यात कोणतं पाणी आहे ते तिला ठाऊक नव्हतं.

तिने बाबांकडे पाहिलं. त्यांना रागवावं, की पाय धरावेत, की भिंतीवर डोकं आपटावं, तिला काही कळेना. उत्तमराव अजून खिडकीकडेच पाहत होते. चोरी पकडल्यासारखे ते ओशाळले होते.

"तू रडली होती नं त्या दिवशी, अंगनात," ते शेवटी म्हणाले. "माह्यानं पाह्यलं नाई गेलं. आमी तं जलमभर खारंच पेलो, माय. आनखी थोडं पेलो तं काय होते, असं वाटलं."

डॉक्टर लिहायचं थांबवून तिघांकडे आळीपाळीने पाहत होता. मग त्याने मागचं खोडलं आणि त्या जागी बोअरचं पाणी असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी हर्षाने माया मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या की प्रबंधाची मुदत वाढवून घेऊ, ते माझ्यावर सोड. हर्षा म्हणाली की मला आता त्या पडद्याचं तोंड पाहायचं नाही. आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं. पण घरी आईला प्यायला पाणी हवं होतं, बाबा परत आले की त्यांनाही हवं होतं, आणि मशीन रिकामं होतं. म्हणून अमरावतीच्या फ्रिजमधला तो कोरा जोडीदार तिने आणला, मशीनवरची खोळ फाडून काढली, ठिबकचे जोड एकेक उपटून फेकले, ड्रम उपडा केला आणि बोअरचा पाइप पुन्हा मशीनला लावला. संशोधन वगैरे तिच्या डोक्यात नव्हतं. जोड उपटताना एकदा तिच्या हाताला खरचटलं आणि तेवढ्या निमित्ताने तिला रडता आलं. ते जोड अगदी नीट बसवलेले होते, कुठे थेंबाची गळती नव्हती.

उत्तमराव घरी आले, पण आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अकोल्याला जाणं मागे लागलं. अकोटच्या बाजारात फुलं आता तानुबाई नेऊ लागली. हर्षा क्लास सोडून गावीच राहिली. मशीन रोज चालायचं. बोअरचं खारं पाणी या बाजूने जायचं, गोड पाणी त्या बाजूने यायचं. शेजारपाजारच्या बायकाही कळशी घेऊन येऊ लागल्या. पडदा कसा आहे, हे हर्षा कोणालाच विचारत नसे. धार कधी करंगळीसारखी होते याची ती मनात वाट पाहत होती, आणि खरं सांगायचं तर ती होईल अशी आशाच धरून होती. पडदा चोकला असता तर बरं झालं असतं. मग बाबांचं करणं वेडेपणाचं असलं तरी वाया गेलं नसतं. त्यांनी निदान एका खऱ्या संकटापासून तिला वाचवलं असं म्हणता आलं असतं.

पुढचा उन्हाळा आला आणि गेला. धार होती तशीच राहिली. शेवटी माया मॅडमच्या आग्रहाने तिने मशीनमध्ये त्याच लेपाचा नवा पडदा बसवला, आधीचा काढून अमरावतीला नेला आणि त्याच टेबलावर, तसंच ब्लेड टेकवून, चिरला. आत अगदी पातळ, पिवळसर थर होता. तिने साध्या पाण्याची पिचकारी मारली आणि तो थर टेबलाच्या काठावरून ओघळून गेला. खाली पडदा चकचकीत होता. थेंब सोडला, थेंब पसरला. माया मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की आता हा निकाल खरा आहे, आणि फार चांगला आहे. हर्षाने टेबलाची कड घट्ट धरली. पडदा पहिल्यापासून चांगला होता. बाबांनी बोअरचा पाइप काढला नसता, नुसतं मशीन चालू ठेवून पेला भरून प्यायले असते, तर काही बिघडलं नसतं. चोकायला काही नव्हतंच. बापाने लेकीचं रडणं खरं मानलं होतं, लेप खरा मानला नव्हता.

अमरावतीहून अकोल्याला, बाबांच्या डायलिसिसला, जाताना एसटीत ती सगळा रस्ता खोटं बोलायची तयारी करत होती. चोकला असं सांगायचं. थोडा चोकला, असं तरी. पिशवीत घरच्या मशीनच्या पाण्याची बाटली होती, घरून निघताना तानुबाईने भरून दिलेली. बसस्टँडवर उतरेपर्यंत तिचं वाक्य पाठ झालं होतं.

उत्तमराव मशीनला जोडलेले होते, नळ्यांमधून रक्त जाऊन येत होतं. शेजारच्या पलंगावर पातूरकडचे नत्थुजी होते, ते आणि उत्तमराव एकाच दिवशी यायचे, त्यामुळे आता घरच्यासारखे झाले होते. तानुबाई स्टुलावर बसली होती. हर्षा दारात दिसताच उत्तमरावांनी मान उचलली.

"चोकला का व पडदा?"

पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. त्या चेहऱ्याकडे पाहून तिला खोटं बोलता आलं नाही.

"नाई बाबा," ती म्हणाली. "साफ निंगाला."

"बोअरच्या पान्यानं?"

"बोअरच्याच."

आता त्यांना कळणार, आता हिशेब त्यांच्या ध्यानात येणार, आणि तो चेहरा आपल्याला पाहावा लागणार. तानुबाईला तो कळला होता, तिने मान खाली घातली होती. पण उत्तमरावांचा चेहरा फुलत गेला. ते इतके खूश झाले की नळी लावलेला हात हलवू नका म्हणून नर्सला ओरडावं लागलं. ते नत्थुजींकडे वळले.

"पाहा नत्थुजी, म्या जपला मनून टिकला," ते म्हणाले. "पोरगी मने चोकते, चोकते. अरे, वस्तू नवी असते तवाच सांभाळा लागते, मंग थे जलमभर साथ देते. हाय का नाई व हर्षा?"

त्यांना वाटत होतं की हा तोच पडदा, पोरीने तपासून परत बसवलेला. दुसरा होता, जोडीदार होता, फ्रिजमध्ये होता, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. हर्षाने आईकडे पाहिलं. तानुबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडे पाहत होती.

"हो बाबा," हर्षा म्हणाली. "तुमी जपला मनून."

नत्थुजींनी पडल्या पडल्या मान डोलावली. उत्तमरावांनी पाणी मागितलं. त्यांना दिवसाचं पाणी डॉक्टरांनी मोजून दिलेलं होतं, त्याहून जास्त प्यायलं तर अंगात साठायचं. तानुबाईने हर्षाच्या पिशवीतली बाटली काढली आणि लहान पेल्यात ठरलेलं माप ओतलं. घरी मशीन चालू होतं, गोड पाणी हवं तेवढं होतं. उत्तमरावांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, चव पाहिली, दुसरा घेतला आणि अर्धा पेला तानुबाईच्या हातात परत दिला.

"ठेव झाकून," ते म्हणाले. "पुरवून पेऊ."